नऊ नंबरच्या नळीतले कांदे

तीर्थस्वरूप वहिनींस,

पाण्याखालून वाकून नमस्कार. (इथलं छतच एवढं खाली आहे की वाकूनच राहावं लागतं, पण नमस्कार मनापासूनचा आहे.) दादाचा गुडघा कसा आहे? तुमची कंबर? माझी तब्येत ठणठणीत. वजन वाढलंय, पण आचाऱ्याचं ते वाढणारच.

तुमची पाणबुडी करते तरी काय, असं मागे विचारलं होतंत. वहिनी, ती लपून बसते. पोटात उभ्या नळ्या, नळ्यांत क्षेपणास्त्रं. हुकूम झाला की ती पाण्यातून उसळून वर येतात आणि हजार मैलांवर, सांगितलेल्या जागी जाऊन पडतात. आपण कुठे आहोत याचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, यातच सगळी करामत. (पत्ता मलाही नसतो. आज भात की बटाटे, एवढंच मला ठाऊक.) आता तीन महिन्यांचा शिधा ठेवायचा कुठे? डबे जमिनीवर मांडून, वर फळ्या टाकून आम्ही त्यावरूनच चालतो. पहिल्या महिन्यात सगळ्यांची डोकी छताला आपटतात. पण कांदे कसे तुडवणार? म्हणून मी क्षेपणास्त्रांच्या प्रमुखांच्या हातापाया पडलो आणि नऊ नंबरची रिकामी नळी मागून घेतली. या गृहस्थांना आम्ही मोजपट्टी म्हणतो. निवृत्तीला आता दोन महिने उरलेत, जन्मात कधी नियम मोडला नाही, तो माझ्या कांद्यांसाठी मोडला.

परवा सराव होता. बडे साहेब मुद्दाम नौकेवर आले. चार नंबरमधून बिनस्फोटकाचं क्षेपणास्त्र सुटलं, सगळी नौका थरथरली, माझं पातेलं सरकलं, आणि बऱ्याच वेळाने निरोप आला की एका ओसाड बेटावरच्या निशाणावर ते नेमकं पडलं. साहेब खूश. म्हणाले, ‘‘बाकीच्या नळ्याही बघू.’’ मोजपट्टींचा चेहरा पिठासारखा झाला. नऊ नंबरचं दार उघडलं, तसा एक कांदा घरंगळत साहेबांच्या बुटाशी येऊन थांबला.

‘‘हे काय?’’

मग मीच पुढे झालो. ‘‘कांदे, साहेब. चूक माझी आहे, यांची नाही.’’

साहेबांनी कांदा उचलला, दाबून पाहिला, हुंगला. ‘‘हा कितवा आठवडा?’’

‘‘दहावा.’’

‘‘माझ्या नौकेवर सहाव्या आठवड्यात सडायचे,’’ ते म्हणाले आणि जेवताना कच्चा कापून आणायला सांगितला. दोनदा मागून घेतला. अहवालात लिहिलं, ‘नळी नऊ: कोरडी, हवेशीर, साठा उत्तम.’ अकरा वर्षांत पहिल्यांदाच मोजपट्टींना हसताना पाहिलं. बुटांसकट बिछान्यावर पडून ते हसत होते. असं समाधान वाटलं म्हणून सांगू!

बंदराला लागलो की पत्र टाकतो. मुलांना पापे.

तुमचा धाकटा दीर

ता. क. हे सगळं तुमच्या धाकट्या जावेला वाचून दाखवा. ती हसली की लगेच सांगा की साहेबांनी मला आणखी दोन वर्षं नौकेवर राहायला सांगितलं आणि मी हो म्हणालो. (या खेपेनंतर जमिनीवर बदली घेतो, असा तिला शब्द देऊन आलो होतो. समोर उभं राहून सांगायची माझी छाती नाही.)

ता. क. २. ती चिडली, रडली, भांडी आपटली, तर काळजी नाही, मी येतोच. काहीच बोलली नाही, तर मात्र ताबडतोब कळवा. मी आठवडाभर नौकेवरच थांबतो.