लग्नाच्या डीव्हीडीतल्या रेघा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून राग बंद. डॉक्टरांनी बीपीचं सांगितलं म्हणून नव्हे, माझा स्वतःचा निर्णय आहे.

संध्याकाळी राग आला. कारण रास्त होतं. सुकन्याने माहेरी फोन करून परस्पर ठरवलं की रविवारी सांगोल्याहून मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, येणार आणि आमच्या लग्नाची डीव्हीडी बघणार. सासरे जाऊन वर्ष झालं. हलतेबोलते जोतिराममामा त्या एका डीव्हीडीतच आहेत, बाकी नुसते फोटो. आईचा तेवढाच हट्ट हाय, म्हणत ती डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरवर लावू. त्यात काय एवढं!

लावून बघितली. चित्रात आडव्या रेघा. कुणी मान हलवली की नाकाचा कंगवा होतो. मधूनच चौकोन पडतात. मामा उकडलेल्या बटाट्यासारखे दिसतात.

दोष लिनक्सचा नाही, हे आधीच लिहून ठेवतो. अख्ख्या ऑफिसला सांगून मी विंडोज उडवलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार
चिंचोळीला ऑफिसात, आमच्या स्टोअरमधल्या गुरुशांतला सहज विचारलं. म्हणतो, साहेब, विंडोजवर लावून बघा की. म्हटलं, तुला विचारलं कुणी? विचारलं मीच होतं. पण उत्तर देण्याची काही पद्धत असते.

घरी येऊन लिनक्सवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला. अत्यंत सभ्य इंग्रजीत. एकाने लिहिलं, आधी मॅन्युअल वाचा. दुसरा विचारतो, हल्ली डीव्हीडी बघतं कोण? त्याला दीड पान सुनावलं. मला ब्लॉक केलं! लिनक्स चांगलं, लिनक्सवाले नालायक.

जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

५ फेब्रुवारी, बुधवार
सुकन्या म्हणाली, सात रस्त्याला एक दुकान हाय, पेनड्राइव्हमधी भरून देत्यात, बिरुदेव उद्या सोलापुरात येणारच हाय, त्याच्याकडं देऊ का? बिरुदेव म्हणजे तिचा भाऊ. मी विचारलं, कॉम्प्युटरमधलं मला जास्त कळतं का बिरुदेवला? ती कुकर लावायला निघून गेली. याला मी होकार समजतो.

डीइंटरलेस नावाचं सेटिंग सापडलं. रेघा गेल्या! पण आवाज मागे पडला. भटजी तोंड मिटतात आणि मग ‘सावधान’ ऐकू येतं. सेटिंग काढलं की आवाज जागेवर, रेघाही जागेवर. की-बोर्ड आपटला. ‘एल’ची कळ पलंगाखाली गेली.

सुकन्या स्वयंपाकघरातून म्हणते, रेघा असू द्या की, आईला चालतंय. काय चालतंय? गावात सांगतील, जावयाच्या घरी मामांच्या तोंडावर रेघा होत्या!

६ फेब्रुवारी, गुरुवार
रजा टाकली. पोट बिघडल्याचं कळवलं.

सकाळी अपडेट मारला. स्क्रीन काळी. सगळं पुन्हा टाकलं. दुपारपर्यंत सोमवारी होतो तिथे येऊन पोचलो.

मग डोकं शांत ठेवून निर्णय घेतला. भांडण आवाजाचं आणि चित्राचं आहे ना? आवाज काढून टाकला. सगळी ताकद चित्राला. तसं त्या आवाजात होतं काय? बँडचा गोंगाट. आणि शूटिंगवाल्याने माईक पुढे धरल्यावर मामांनी घातलेली हाक. चार शब्द आशीर्वादाचे बोलायचे सोडून, माळावर मेंढरांना घालतात तशी हाक! सगळा मांडव हसला. माझे साहेब पहिल्या रांगेत होते.

फाइल तयार झाली. चित्र असं, की मामांच्या पटक्याच्या घड्या मोजून घ्याव्यात. फोरमवाल्यांनो, बघा. सुकन्याला आत्ता दाखवणार नाही. रविवारी सगळ्यांना एकदम.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
डिस्कवर ओरखडे होते. म्हटलं, चकचकीत करून मामींच्या हातात द्यावी. नेटवर लिहिलंय, टूथपेस्टने घासा. टूथपेस्ट संपलेली. या घरात एक वस्तू वेळेवर असेल तर शपथ. मग लाल दंतमंजन घेतलं. जोर लावून घासली.

आता ड्राइव्ह म्हणतो, डिस्कच नाही. आहे की गाढवा, तुझ्या तोंडात आहे! दोन चापट्या दिल्या. तरी नाही.

हरकत नाही. फाइल आहे. डिस्क म्हणजे शेंगेचं टरफल.

८ फेब्रुवारी, शनिवार
बिरुदेवचा फोन. दाजी, काय मदत लागती का? म्हटलं, मदतीला नको, बघायला ये. दिवसभर राग नाही. जमलं.

९ फेब्रुवारी, रविवार
मामी आणि बिरुदेव आले. मामींना खुर्ची दिली, त्या खालीच बसल्या. मी फाइल लावली. एक रेघ नाही. बिरुदेव म्हणाला, लई क्लियर हाय दाजी. मी फक्त मान हलवली.

मामा आले. मामी सरकत पार स्क्रीनजवळ गेल्या. मामांनी माईक घेतला, मान वर केली, तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. शिरा अगदी स्वच्छ दिसत होत्या.

मामी म्हणाल्या, जावयबापू, आवाज वाढवा की वाईच. तोंड काय, भितीवर फोटू हाय. त्यांची हाक ऐकाय आलीय मी.

मी म्हटलं, आवाज डिस्कमध्ये आहे. सुकन्याने डिस्क आणली. ती गुलाबी झाली होती. ड्राइव्हने घेतली, घरघर केली, बाहेर टाकली. परत घातली. परत बाहेर. मी ड्राइव्हवर ओरडलो, फोरमवाल्यांवर ओरडलो, टूथपेस्ट कुणी आणली नाही म्हणून ओरडलो. सुकन्या माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवलं नाही.

मामी म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या. तेवढंच परत लावा.

लावलं. मामांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि मामींनी खाली बसल्या बसल्या हाक घातली. आधी चाचरत. मग परत लावा म्हणाल्या, आणि या खेपेला मोठ्याने, बरोबर मामांच्या तोंडाशी जुळवून. बिरुदेव गॅलरीत निघून गेला. आवाज ऐकून शेजारचे जिन्यात जमले. त्यांना झापायला मी दार उघडलं. झापलं नाही.

चित्र शेवटपर्यंत स्वच्छ होतं. परत कुणी तसं म्हणालं नाही.