फायलीत लिहिलेली भीती

आदरणीय वहिनी,

नमस्कार. तुमचा खोकला एव्हाना उतरला असेल. दादाला सांगा, त्याचं पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचं आहे की माझ्या मोतीबिंदूमुळे तसं दिसतं, हे शस्त्रक्रियेनंतरच कळेल.

ती परवा व्हायची होती. झाली नाही, आणि दोष माझा नाही. हिरवा झगा घालून (नाड्या पाठीमागे, म्हणजे बांधायला तिसरा हात हवा) मी खाटेवर बसले होते. नर्सने रक्तदाब मोजला, तो जरा जास्त भरला, तर तिने फायलीत ‘घाबरलेले’ या शब्दापुढे खूण केली. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत मी, उलटा मजकूरही वाचते. म्हटलं, हे खोडा. भीती वाटते, धसका बसतो, घाबरगुंडी उडते. मला यातलं काहीही झालेलं नाही. मी फक्त धास्ती घेतली आहे, आणि धास्ती घ्यायला अक्कल लागते. (माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला मराठी काय कळणार, असं दादा म्हणतो. शाळेतल्या आमच्या सिस्टरांचा धाक त्याने पाहिला असता तर हे सगळे शब्द त्यालाही एका तासात आले असते.)

ती म्हणाली, “आजी, इथे दोनच चौकोन आहेत. शांत, नाहीतर घाबरलेले. धास्ती कुठे लिहू?”

मी तुमची आजी नाही, इथपासून मी सुरुवात केली. दहाच मिनिटं समजावलं असेल. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ तोवर ‘शांत’ होते, तेही माझ्या बाजूने बोलू लागले. मग डॉक्टर आले. त्यांनी पुन्हा मोजलं, तर माझा दाब आणखी वीसने वर आणि गृहस्थांचाही चढलेला. दोघांनाही घरी पाठवलं. मला आता मंगळवार दिला आहे. त्या दिवशीही चढला तर हात लावणार नाही म्हणाले, आणि दुसरा डोळाही हल्ली ओळी गिळायला लागला आहे.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा.

तुमची नणंद

ता. क. मंगळवारी सकाळी आठला तुम्ही यावं. कागदावर नातेवाइकाची सही लागते, एवढंच.

पुन्हा ता. क. सही शेजारणीचीही चालते, आणि ती तयार आहे. तरी तुम्ही याच. दादाला मात्र आणू नका. तो विचारेल, भीती वाटते का, आणि त्याच्याशी मला लहानपणापासून खोटं बोलता आलेलं नाही.