तोंडात काही दिलं नाही

अप्पा, त्या मुलाला परवा दवाखान्यातून घरी सोडलं. तो बरा आहे. चालतो, बोलतो, जेवतो. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही मध्येच उठून अंगणात फेऱ्या मारायला लागाल. तुमची ती सवय मला आठवते.

मी काय काम करते हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. पुढे नर्सिंग केलं आणि आता सोलापूरच्या बाहेर एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या आरोग्य केंद्रात आहे. सकाळी डॉक्टर येऊन जातात, बाकी दिवसभर मीच असते. रुजू झाले तेव्हा दारावर ‘व्यसनमुक्ती कक्ष’ अशी पाटी होती आणि तिच्यावर कवटीचं चित्र. आत कोणी फिरकत नसे. ताप आला तरी मुलं शहरात सात रस्ता चौकापर्यंत जाऊन गोळ्या आणत. एकाला कारण विचारलं तर म्हणाला, “मॅडम, त्या पाटीखालनं आत जाताना कुणी बघितलं तर गावाकडं माझी सोयरीक जमायची न्हाय की.” मी पाटी काढायला लावली. आता येईल त्या प्रत्येकाला, पाय मुरगळलेल्यालासुद्धा, मी एकाच आवाजात विचारते: झोप किती, जेवण कुठे, दारू किती. ‘घेतोस का’ असं विचारलं की सगळेच नाही म्हणतात. ‘किती’ म्हटलं की निदान विचार करतात.

उत्तर बहुतेक वेळा ‘थोडीशी’ असं येतं. मग मी मेसमधला स्टीलचा पेला आणि पाण्याची बाटली पुढे ठेवते आणि सांगते, नेहमीसारखी ओत. मुलं हसतात, पण ओततात. ते पाणी मी मेजरिंग सिलिंडरमध्ये घालून त्यांच्यासमोर धरते. एकजण तो आकडा वाचून म्हणाला, “आयला, ह्ये एक पेग न्हवं व्हय? मग मी शनवारी किती पेलो?” मी भाषण देत नाही. पुढच्या वेळी काय वेगळं करशील, एवढंच विचारते. कोणी म्हणतो आधी जेवेन, कोणी म्हणतो पैज लावणार नाही, कोणी म्हणतो परीक्षा होईपर्यंत नकोच. काही जण तसं वागतात, काही वागत नाहीत. जे वागत नाहीत तेही पुन्हा येऊन सांगतात, आणि मला तेवढं पुरतं.

यातला निम्मा भाग तुमचा आहे. एका रविवारी तुम्ही मला, तुम्ही माग दुरुस्त करायचात त्या चादरीच्या कारखान्यात घेऊन गेला होता. माग बंद होते, हवेत कापसाचे तंतू होते, आणि तुम्ही एका मागाखाली आडवे झाला होता. आतून आवाज येतो, “फट किती आहे बघ गं.” मी वाकून बघते आणि सांगते, बोटभर. तुम्ही बाहेर येता, हाताला ग्रीस, आणि रागावून विचारता, “कुणाचं बोट? तुझं का माझं?” मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टीलची पट्टी आणून दिलीत. माझ्या वर्गात बाकी सगळ्यांच्या प्लास्टिकच्या होत्या.

मापाचं काम सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं. कॉलेजचा नियम असा होता की हॉस्टेलचा मुलगा प्यालेला सापडला की रेक्टर त्याच्या घरी फोन करणार आणि त्याला खोली सोडावी लागणार. त्यामुळे कोणी बेशुद्ध पडलं तर मित्र त्याला लपवत. मी प्राचार्यांकडे गेले. जो मदतीसाठी फोन करेल त्याच्यावर आणि ज्याच्यासाठी करेल त्याच्यावरही कारवाई करू नका, एवढं मागितलं. “म्हणजे तुम्ही त्यांना प्यायची सवलत देताय,” ते म्हणाले. मी म्हटलं, सर, ती त्यांनी आधीच घेतलीये, मी फोन करायची सवलत मागतेय. त्यांना ते आवडलं नाही. मी पुन्हा गेले, पुन्हा गेले. शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. मग मी मुलांना माझा नंबर दिला आणि कोणी उठेनासा झाला तर काय करायचं, काय नाही, ते शिकवलं. इतका आग्रह का, असं प्राचार्यांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, प्रशिक्षणात शिकवतात.

अप्पा, घरात सगळे सांगतात की तुम्ही हार्टने गेलात. मी कॉलेजात असताना तुमच्या कारखान्यातले काका अव्वाला (आईला मी अजून अव्वाच म्हणते) भेटायला आले आणि अव्वा चहा करायला उठल्यावर माझ्याजवळ रडले. तेव्हा खरं कळलं. अक्कलकोट रोडला कुणाच्या तरी शेतात जेवण होतं. तुम्ही कधी घेत नव्हता. त्या दिवशी आग्रहाला बळी पडलात आणि सवय नसलेल्या माणसासारखी भरभर घेतलीत. तुम्ही आडवे झालात. गळ्यात इष्टलिंग असलेला माणूस, घरात रोज पूजा, याला अशा अवस्थेत घरी कसा न्यायचा? “तुझ्या अप्पाची अब्रू जायला नको म्हणून गं,” काका म्हणाले. उतरावी म्हणून त्यांनी तुमच्या तोंडात लिंबाचं पाणी घातलं, ताक घातलं, आणि झोपू दे म्हणून उताणं ठेवलं. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, तोंडात घातलेलं श्वासनलिकेत जातं. हे त्यांना माहीत नव्हतं. तुमच्यावर सगळ्यांची फार माया होती, हे मात्र खरं आहे.

आता त्या मुलाचं. हुरड्याचे दिवस आहेत. शनिवारी मंगळवेढ्याच्या बाजूला एका वर्गमित्राच्या शेतात त्यांची पार्टी होती. आगटी पेटवलेली, कणसं भाजलेली, शेंगाची चटणी, दही, आणि पिशवीतून नेलेल्या बाटल्या. दुपारी माझा फोन वाजला. “मॅडम, ह्यो उठंना झालाय. चिमटा काढला तरी उठंना.” श्वास कसा चाललाय विचारलं. “घोरल्यासारखा, मधीच थांबतोय.” कुशीवर करा म्हटलं. “केलाय की. तुमी सांगितलंता तसा. तोंडात काय दिलं न्हाय, मॅडम. एकजण लिंबू पिळत हुता, तर हिनं त्याचा हातच धरला, लई शिव्या घातल्या.” मागून त्याच मुलीचा आवाज आला, “गाडी आली रे, बोलत काय बसलाय!” पिकअपमध्ये त्याला कुशीवरच धरून आणलं. मी त्यांच्या आधी दवाखान्यात पोचले होते. गाडी आत येईपर्यंत मी फाटकाशी उभी होते. डॉक्टरांनी तपासून आत घेतलं. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत, कुशीवर ठेवलंत ते बरं केलंत. ती मुलं तिथेच फरशीवर बसली. एकजण हसायला लागला आणि त्याला थांबता येईना.

शुद्धीवर आल्यावर मुलाने स्वतः घरी फोन केला. सकाळी त्याचे वडील जेऊरहून आले. मेंढ्या राखणारा माणूस, खांद्यावर घोंगडी, लिफ्ट टाळून जिना चढून आलेले. मुलगा तोंड फिरवून पडला होता. ते त्याच्या पायाला हात लावून बघत म्हणाले, “गरम हाय न्हवं? मग बास. बाकीचं घरी गेल्यावर बोलू.” मग माझ्याकडे वळले. “बाई, ह्याच्या दोस्तांनी कळवलं म्हून. न्हायतर पोरं भितात वो आमाला.”

मी घरी आले. अव्वा शेंगा निवडत होती. मी तिला कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं: त्या दिवशी अप्पांना तसं, प्यालेलं, घरी आणलं असतं तर काय केलं असतंस? तिने वर बघितलं नाही. काकांनी मला सांगितलंय हे तिला ठाऊक होतं असं दिसलं. “शिव्या दिल्या असत्या,” ती म्हणाली. “लई दिल्या असत्या. त्यांच्या दोस्तांनासुद्धा. आन मग रिक्षा बोलावली असती.” खराब शेंगा बाजूला करत म्हणाली, “अब्रूला काय, चार दिवस बोलतेत माणसं.” मग तिने जेवायला वाढलं. खूप दिवसांनी मी पोटभर जेवले आणि शांत झोपले.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. त्या शेतात तुम्हाला काही जाणवलं नसेल, झोपेतच गेला असाल, अशी माझी समजूत आहे. माझ्या शिक्षणात ती समजूत तपासायची साधनं आहेत, पुस्तकं कपाटात आहेत, ते प्रकरण कुठल्या पुस्तकात आहे हेही मला माहीत आहे. मी ते अजून उघडलेलं नाही.