हात पुढे कर

प्रिय वेदू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या लेकाच्याच, अनिशच्या हाती देतेय. बाहेर चहा पीत बसलाय. नातीचं नाव गोदावरी ठेवताय, ऐकून डोळे भरले. तुझ्या आईचंच नाव; ती असती तर लाजली असती. त्यानं आणखीही एक सांगितलं, त्यावर शेवटी भांडते.

आधी माझं ऐक. गेल्या चैत्रात मला लघवीच्या संसर्गानं ताप आला. डब्यातल्या उरल्यासुरल्या गोळ्या घेतल्या, आपण सगळ्याजणी घेतो तशा. काही फरक नाही. तपासणीत कळलं, हे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. मग डॉ. सुमंतांनी शिरेतून जोडीचं इंजेक्शन सुरू केलं. त्यातलं एक औषध जंतूंची ढाल मोडतं, दुसरं त्यांना मारतं. एकट्याचं काम नव्हे. ताप उतरला, पण सुई हातात ठेवून रोज दवाखान्यात जायचं होतं.

नेमकं तेव्हाच जाऊबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. त्या म्हणाल्या, सवाष्णीच्या हाताला ती सुई नि चिकटपट्टी बरी दिसत नाही, तेवढ्यापुरती काढून ये. डॉक्टरांना विचारलं, तर ते हसलेसुद्धा नाहीत. "अक्का, ताप गेला म्हणजे जंतू गेले नाहीत. थांबायचं कधी, ते मी सांगेन." मग मी इरकली नेसले आणि तशीच गेले. जाऊबाई अत्तर घेऊन आल्या, तेव्हा पट्टीचाच हात पुढे केला. म्हटलं, बाजूला जागा आहे, लावा.

हे मी तुझ्याकडूनच शिकले. नागपंचमीची मेंदी लावून कॉन्व्हेंट शाळेत गेलो की ती दिसू नये म्हणून सिस्टर प्रार्थनेत हात मागे घ्यायला लावायच्या. आम्ही निमूट घ्यायचो. तू एकटी दोन्ही हात पुढे धरायचीस, छडी खायचीस आणि पुन्हा पुढे धरायचीस.

आणि आता, पायाच्या जखमेसाठी तुला तसंच इंजेक्शन चालू असताना, बारशाच्या फोटोत दिसू नये म्हणून तू सुई काढायला लावलीस? ताप नाही म्हणतेस. जखम वाहतेय ते लपवतेस. उद्या सकाळच्या बसनं हुबळीला येते, दाजीबानपेठेत तुझ्या दाराशी रिक्षा उभी करते. चप्पल घालून तयार राहा. आधी दवाखाना, मग रविवारी बारसं. पाळण्याची दोरी सुईच्याच हातानं ओढ, फोटो मी काढते. गोदावरी मोठी होऊन तो बघेल, तेव्हा तिला दिसू दे, आपली आजी हात मागे घेत नव्हती.

तुझीच, आणि उद्या तुझ्या दारात,
जयलक्ष्मी