इंजिनाचं अभ्यंग

आश्विन व. १३, शके १८५७. कर्जत
गिरणी बंद. इंजिन खोललं, काजळी खरवडली. धोंडू हमाल बघत बसला. "मिस्त्री, वात नाय, ठिणगी नाय. मग पेटतं कसं वो?"
म्हटलं, सायकलच्या पंपाचं बूड तापतं ना, तसंच. दट्ट्या हवा दाबतो. ती इतकी तापते की तेलाचा फवारा आत उडाला की आपोआप भडका. त्या जोरानं चाक फिरतं. मग भात सड, नाहीतर माथेरानच्या हॉटेलात लावून आलो तसे दिवे लाव. तेल तोड नाहीतर हवा कोंड, लगेच थंड.
"मंजे आमच्यावानीच. खायाला आन् दम घ्यायाला मिळालं की चालू."
हसलो. हमालांत डोकं असलेला हा एकच.

व. १४
इंजिनालाही अभ्यंग. प्रथा मीच पाडली, चार वर्षं झाली. पूजा केली की लोक उगाच हात लावत नाहीत. धोंडूची बायको चांगुणा यंदा पहिल्यांदाच आली. तांब्याभर खोबरेल. न्हाऊ घालायचं तर डोक्यावरून, म्हणून हवा ओढायच्या उभ्या नळीच्या तोंडातच ओतलं. "देवा, माज्या मानसाला संबाळ."
सगळे हात जोडून उभे. मी पाहिलं. म्हटलं, नंतर नळी काढून पुसू.

कार्तिक शु. १
धोंडू गेला.
मुहूर्तावर चालू केलं. थोडे फेरे बरे. मग जे उधळलं! तेलाची तोटी बंद केली तरी थांबेना. पट्टे फडफडायला लागले, भिंतीची माती गळायला लागली. चाक फुटतं तर आत सोळा माणसं होती. मी ओरडलो, "हवा कोंडा! हवा!" ऐकून समजणारा एकच. पोतं घेऊन धावला, नळीच्या तोंडावर दाबून धरलं. इंजिन गुदमरलं. पण थांबता थांबता त्याच्या खांद्यावरचा पंचा चाकात गेला आणि

शु. ३
शेठ म्हणतात, "पिऊन आला होता. सणाचे दिवस. चौकशीत हेच सांगायचं." चाकाला कठडा नव्हता, ते झाकायचंय. तीनदा मागितला होता मी कठडा. मेल्याहून मेल्यासारखं झालं ऐकून. धोंडू थेंब घेत नसे. पाडव्याला माझ्याच घरी चकली खाऊन गिरणीत आला होता.

शु. ५
नळी खोलली. वाकात अजून खोबरेल. उधळल्यावरच मला कळलं होतं, आज बोटाला लागलं म्हणून कबूल करतोय. तोटी बंद होती, पण इंजिन हे तेल पीत होतं. तेल कुठल्या वाटेनं आलं, त्याला काय!
तेल तिचं. पुसायचं काम माझं. गाढवा, एक फडकं मारायला काय झालं होतं तुला!
चौकशीला येणारा मुंबईचा साहेब विचारणारच, इंजिन का उधळलं. खरं सांगावं तर तिच्या हातून नवरा गेला हे तिला कळणार. गप्प बसावं तर धोंडू दारुडा. इकडे आड, तिकडे विहीर.

शु. ७
चांगुणा दारात. बसली नाही. "मिस्त्री, लोक म्हंत्यात त्यो पिला व्हता. तुमाला तरी ठावं हाय ना?" मग खालच्या मानेनं, "म्या तेल घातलं व्हतं. त्यानं काय झालं नाय ना?"
"नाय गं. त्यानं काय व्हतंय!"
रडली, पण जरा हलकी होऊन गेली.
आता मागे फिरणं नाही.

शु. ८
जबानी लिहून काढली. धोंडू शुद्धीत होता, सोळा जिवांसाठी गेला. कठडा नव्हता. नळीत तेल मी ओतलं, पुसायला विसरलो.
शेठनी कागद वाचला. "मिस्त्री, वेड लागलं का? तेल कोणी ओतलं ते साऱ्या गिरणीनं बघितलंय. अजून कुणाच्या डोक्यात आलं नाही, इतकंच. तुम्ही 'तेल' म्हणा, की आलंच."
आणि साक्षीदारांची यादी पुढे सरकवली. साहेब उद्या अकराला येणार. माझं नाव दुसरं. पहिलं चांगुणाचं; माझी जबानी ती समोर बसून ऐकणार.