हिरेबोरीच्या पेवाला वारस नाही

मी, शिवम्मा भ्रतार बसलिंगप्पा मंगरुळे, वय अदमासे सदुसष्ट, धंदा घरकाम, मूळची राहणार मौजे हिरेबोरी, तालुका अक्कलकोट, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, अक्कलकोट रोड, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातल्या सगळ्यांनी "आत्ताच कशाला, अव्वा" म्हणून अडवून पाहिले. माझ्या वडिलांचे मंगळवार पेठेत किराणा दुकान होते आणि त्यांनी मला मराठी सातवीपर्यंत शिकवले, म्हणून लिहिता येते. वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यातली कलमे मी ठेवली आहेत आणि मजकूर माझा घातला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही व यानंतर करण्याची उमेद नाही.

कलम १. माझ्या अंगावरील व पेटीतील दागिने मुलगी सुंदरम्मा, सासर अकलूज, हिला द्यावेत. पाटल्या तिच्या आजीच्या आहेत, त्या मोडून नवीन घडवू नयेत. मोडणार हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते. तांब्याचा हंडा सुनेला द्यावा. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. ती आमटीत गूळ घालते, एवढे सोडले तर बाई चांगली आहे. पोस्टातली रक्कम माझ्या मातीसाठी खर्च करावी व उरल्यास मठात द्यावी.

कलम २. मौजे हिरेबोरी येथील राहते घर, पूर्वेस मारुतीचा पार, पश्चिमेस ओढा, यजमानांनी हयातीत माझ्या नावे करून दिलेले, त्याच्या मागच्या अंगणासह माझ्या मालकी वहिवाटीचे आहे. या अंगणात एक पेव आहे. पेव म्हणजे काय हे माझ्या नातवंडांना ठाऊक नाही. त्यांनी धान्य पाहिले ते रेशनच्या पिशवीत, म्हणून खुलासा करते.

कडक मुरमात खोदलेला हा खड्डा आहे. वर माणूस उतरेल एवढेच तोंड, आत मात्र खोलीएवढा रुंद. बाजूंना कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर भुसा, त्यावर दगडी चीप, आणि सगळे शेणमातीने लिंपून टाकायचे. सुगी झाली की युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने आपल्या राशीतला वाटा आणून त्यात ओतायचा. घर लिंगायताचे असो, धनगराचे असो की मुसलमानाचे. पेव आमच्या अंगणात म्हणून राखण आमची, धान्य सगळ्यांचे. काही वर्षांनी जुनी ज्वारी काढून तेवढीच नवी भरायची. खाण्यासाठी ते उघडायचे फक्त ज्या वर्षी रब्बीची पेरणीच झाली नाही त्या वर्षी. माझ्या लग्नात ज्वारी कमी पडली तेव्हा सासूबाई चंद्रव्वांनी शेजारच्या गावाहून उसनी आणली, पण पेवाला हात लावू दिला नाही. पाहुण्यांसमोर आमची शोभा झाली. त्याचा राग मला पुष्कळ वर्षे होता.

तो राग दुष्काळाने घालवला. मी नवी नवरी असताना एक दुष्काळ पाहिला आणि सिद्धाराम पोटात असताना दुसरा. दोन्ही वेळा आजूबाजूची गावे ओस पडली, आणि आमच्या गल्लीतले एक माणूसही गाव सोडून गेले नाही. भाकरी अर्धी मिळाली, पण घरच्या चुलीवरची मिळाली.

पाऊस चुकला त्या वर्षी दुष्काळ येतो असे लोक समजतात. मी तीन पाहिले. माझे म्हणणे असे की तो आधीच्या चांगल्या वर्षांतच यायला लागतो. धान्य उतू जात असते, पेव भरायचा कंटाळा येतो, कोणी म्हणते यंदा राहू दे, कोणी म्हणते भाव चांगला आहे, विकून टाकू. आभाळ कोरडे पडते तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. आमच्या भागात पाऊस पुन्हा चुकणार आहे. हे सांगायला पंचांग लागत नाही.

कलम ३. मुलगा सिद्धाराम यास घर द्यावे, पेव सोडून. का, ते लिहिते.

चांगल्या वर्षांत सिद्धारामने विहिरीच्या पाण्यावर हायब्रीड ज्वारी घेतली. पीक दुप्पट आले, त्याचे कौतुक गावाने केले आणि मीही केले. त्याच वर्षी पेवातली ज्वारी बदलायची होती. मी मुलीच्या बाळंतपणाला अकलूजला गेले होते. सिद्धारामने परगावचे हमाल लावून जुनी मालदांडी, म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, बाहेर काढून चांगल्या भावाने विकली, त्यातून इथे सोलापुरात पहिले दोन माग घेतले, आणि पेवात हायब्रीड भरली. मापाने कमी भरली नाही, जास्तच भरली. पण ती खरिपाची ज्वारी, काढणीला पावसात सापडलेली, वरवर वाळवलेली. मालदांडी पेवात वर्षानुवर्षे राहते, ही राहत नाही. त्याला वाटले ज्वारी ती ज्वारी. इथवर मी त्याची चूक समजते. शिकलेसवरलेले लोकही तेव्हा हायब्रीडच्या नावाने हुरळले होते. परंतु त्याने हे गल्लीत कोणाला सांगितले नाही, मलाही सांगितले ते सगळे होऊन गेल्यावर.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही. वकील म्हणाले, गाळा. मी गाळत नाही.

बहात्तर साली पेरणी झाली नाही. मार्गशीर्षात गल्लीने एकमताने पेव उघडायचे ठरवले. मी तोंडाशी हळदकुंकू वाहिले. उतरण्याचे काम नेहमी भीमा वाघमोडे याचे. त्याचे घर आमच्या गल्लीच्या टोकाला, आणि त्याचा वाटा पेवात सगळ्यांच्या बरोबरीचा. चीप बाजूला केली तसा कुजका वास आला. बाया पदर नाकाला लावून मागे सरल्या. भीमाने रीतीप्रमाणे दोरीला बांधून कंदील आत सोडला. तो विझला. पेवात कोंडलेली हवा माणूस मारते, कंदील विझला तर तोंड उघडे ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे.

मी म्हणाले, "कंदील इझलाय, भीमा. आज न्हाय. उद्या बगू."

तो म्हणाला, "वरचा थर गेलाय अव्वा, खाली चांगली आसंल की. मालदांडी हाय, आशी जात न्हाय. पोरं सकाळपासनं टोपल्या घिऊन बसल्यात. मूठभर वर आनून दावतो, म्हंजी गप घरला तरी जातील."

सोलापुराहून आलेला सिद्धाराम माझ्या शेजारी उभा होता. खाली मालदांडी नाही, तळापर्यंत हायब्रीड आहे आणि ती सगळी गेली आहे, हे तिथे फक्त त्याला ठाऊक होते. चार शब्द बोलला असता तर भीमा दोरी सोडून घरी गेला असता. गल्लीसमोर लाज जाईल म्हणून तो पायाच्या अंगठ्याने माती उकरीत राहिला. मी भीमाचा हात धरला, तो त्याने हळूच सोडवून घेतला आणि उतरला.

तो पडला नाही. दमल्यासारखा खाली बसला, आणि हाका मारल्या तरी उठला नाही. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. तो तसाच बसला होता. गळ टाकून वर काढला तेव्हा त्याच्या मुठीत काळी पडलेली, एकमेकांना चिकटलेली ज्वारी होती. त्याची बायको दगडाबाई हिने ती मूठ उघडली. मी पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. कागदावर 'पाय घसरून खड्ड्यात पडून मयत' असे लिहिले गेले. मी म्हणाले, पाय घसरला नाही, धान्य बघायला उतरला, घरात दाणा नव्हता म्हणून उतरला. लिहिणारे साहेब म्हणाले, "बाई, तसलं काही कागदावर नको, चौकश्या लागतात." पंच म्हणून खाली सिद्धारामने सही केली. त्याचे अक्षर माझ्या वडिलांसारखे सुंदर आहे.

महिन्याभरात गल्ली रिकामी झाली. कोणी खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले, कोणी सोलापुरात मागावर आले. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली जाडीभरडी ज्वारी, तेवढा मिळाला, तो खाऊन म्हातारी माणसे आजारी पडली. मीही घराला कुलूप लावून मुलाकडे आले. दोन वर्षे मी त्याच्या घरात जेवते आहे आणि त्याला माफ करू शकलेली नाही. तो मला औषधाला कमी करत नाही, रोज पाया पडतो. तरीही नाही.

कलम ५. पेव. गेल्या वर्षी पाऊस झाला, यंदाही बरा झाला. लोक हळूहळू गावी परतत आहेत. म्हणून पेव साफ करून, पुन्हा मालदांडी भरून ते राखील असा माणूस मी मरण्याआधी शोधायचे ठरवले. त्यासाठी ओढ्याकडचे माझ्या नावचे कोरडवाहू शेत पेवाबरोबर द्यायला मी तयार होते.

आधी सिद्धारामलाच विचारले. वाटले, एवढे तरी करील. तो म्हणाला, "अव्वा, आता रेशन हाय, सरकार हाय. पेवाचं नाव काडू नको." एवढे बोलून तो कारखान्यात निघून गेला.

मुलगी म्हणाली, "आमच्याकडं कालवा हाय अव्वा, पानी बारा म्हयने. दुष्काळ कसला?" तिच्या घरासमोर ऊस उभा आहे आणि घरात ज्वारीची कणगी नाही. कालव्याला पाणी पावसाचेच येते, हे मी तिला सांगितले. तिने मला चहा दिला.

दिराचा मुलगा चनमल्लप्पा गावीच असतो. तो चटकन हो म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी त्याला जेवून जा म्हणाले. जेवताना कळले की त्याला पेव शेणखत टाकायला हवे आहे.

ज्यांच्या वाट्याची ज्वारी त्यात जात होती त्या घरांनाही निरोप पाठवला. अजून उत्तर नाही. मी त्यांना दोष देत नाही. आमच्या राखणीवर त्यांनी एकदा विश्वास ठेवला होता.

राहिली दगडाबाई. ती आता इथेच एमआयडीसीत एका कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरते, मुलांना घेऊन झोपडीत राहते. मी रिक्षा करून गेले. हे मृत्युपत्र वाचून दाखवले. तेव्हा पाचव्या कलमात शेत आणि पेव तिच्या नावे लिहिलेले होते. ती हातातले काम न थांबवता ऐकत होती. चौथे कलम आले तसे तिचे हात थांबले.

"परत वाचा," ती म्हणाली. मी परत वाचले.

मग ती म्हणाली, "शेत नगं अव्वा. पेव तर न्हाईच न्हाई. माजी पोरं त्या तोंडाजवळ जानार न्हाईत. पर ह्ये तुमी लिवलंय त्येच्या खाली माजा अंगठा पायजे."

मी तिला समजावले. वकिलांनी सांगितले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे भांडणे निघतात. एक तर शेत घे, नाहीतर अंगठा लाव, दोन्ही होत नाही. तुझी पोरे लहान आहेत, शेत घे, असे मी म्हणाले. रडूनही सांगितले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

ती म्हणाली, "सरकारच्या कागदावर त्यो घसरून पडलाय. पोरांस्नी सांगताना मी काय सांगू? येका तरी कागदावर खरं असू द्या की."

म्हणून तिचे नाव पाचव्या कलमातून मी माझ्या हाताने काढले आहे.

सबब शेत सिद्धाराम व सुंदरम्मा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. त्यांना वाटेल ते पेरावे, मी अट घालत नाही. अट पाळणारा असता तर अट लागली नसती.

माझ्या खाटेखाली मडक्यात राखेत ठेवलेले मालदांडीचे बी आहे. ते पेरणार कोणी नाही. ते दळून माझ्या दिवसाला भाकऱ्या कराव्यात आणि येतील त्यांना वाढाव्यात. बी खाऊ नये असे मी जन्मभर सांगत आले, आता खा म्हणते.

पेव बुजवावे. भरलेले असते तोवर ते पेव, रिकामे म्हणजे पोर पडायची जागा. गडी लावू नयेत, सिद्धारामने स्वतः माती ओढावी. हे लिहिताना मला सासूबाईंसमोर उभी असल्यासारखे वाटते. पुढच्या दुष्काळाला हिरेबोरीत काहीही राखून ठेवलेले नसेल, हे मी जाणून आहे.

येणेप्रमाणे मी समजून उमजून लिहिले व वाचून पाहिले. खाडाखोड फक्त पाचव्या कलमात आहे, ती माझी आहे.

मुक्काम सोलापूर, तारीख १७ ऑक्टोबर १९७४.

सही: शिवम्मा बसलिंगप्पा मंगरुळे

साक्षीदार:

१. तिप्पण्णा येमूल, धंदा शिलाईकाम, राहणार अक्कलकोट रोड, सोलापूर. सही.

२. दगडाबाई भ्रतार भीमा वाघमोडे, धंदा मजुरी, राहणार सदर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. चौथे कलम तिला दोनदा वाचून दाखवले असून ते खरे असल्याचे तिने सांगितले. या मृत्युपत्राने तिला काहीही मिळत नाही.