बनियनचा रंग

१४ जून २०२०, रविवार

मला घरी पाठवायला कुणाला वेळ नाही. मेलेल्या परक्या माणसांचे पायमोजे निरखायला मात्र आहे.

शैलेंद्र म्हणजे माझा मुलगा. मोठा इंजिनिअर, रक्ताच्या शिरेत घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. सकाळपासून कॉम्प्युटरला नाक लावून बसलाय. मला वाटलं कंपनीचं काम, म्हणून चहाची कपबशीसुद्धा आवाज न करता ठेवली. बघते तर पडद्यावर मिशाळ बाप्ये. अंगात झंपरासारखे सदरे, खाली गुडघ्यापर्यंत चड्ड्या आणि त्याखाली लांब मोजे. एकजण दुसऱ्याच्या मांडीवर कोपर टेकून बसलाय, लाज नाही.

"हे कोण?"

"बेसबॉलवाले, आई. दीडशे वर्षांपूर्वीचे. पैसे घेऊन खेळणारे अगदी पहिले."

"म्हणजे मेले असतील."

"हो, अर्थात."

"मग त्यांना घाई नाही. माझं तिकीट बघ."

विमानं बंद आहेत, मी काय करू, म्हणाला. फेब्रुवारीत आले तेव्हा तीन महिने म्हणाला होता. कराडला आमचे हे एकटे. ह्यांना फक्त चहा येतो, तोही साखर जास्त. आणि साखर ह्यांना वर्ज्य.

२१ जून, रविवार

रविवारी ह्यांचा फोन असतो. पुतणी लता येऊन तिच्या मोबाईलवर लावून देते. डबाही तीच देते. पडद्यात ह्यांचा एक कान आणि अर्धी भिंत दिसते. "कधी येतेस?" म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या मुलाला विचारा. मुलगा म्हणाला, "बाबा, लवकरच." हे लवकरच मी मार्चपासून ऐकतेय.

२ जुलै

हे खूळ कुठून आलं ते कळलं. शेजारी डेक्लन म्हणून म्हातारा आहे. त्याच्या पणजोबाचा भाऊ इथून, आयर्लंडातल्या ॲथलोनहून, अमेरिकेला गेला आणि म्हणे पैसे घेऊन चेंडू खेळला. घराण्यात तेवढंच एक नाव निघालं. त्याचा एक फोटो आहे. डेक्लनने तो कुंपणाच्या भिंतीवरून शैलेंद्रला दाखवला: हा कुठल्या संघाचा, ते शोधशील का? झालं. पोराला कामच हवं होतं.

आता सदऱ्याची छातीवरची ढालीसारखी पट्टी बघायची, ती बटणांनी लावलेली की दोरीने आवळलेली. गळपट्टी उभी की पडकी. टोपीला चोच केवढी. त्यावरून साल काढायचं. माझ्या लग्नाचं साल त्याला विचारा, सांगता येणार नाही.

९ जुलै

आज एक फोटो दाखवला. माणूस हवेतला चेंडू झेलतोय. "नीट बघ आई." चेंडू दोऱ्याला टांगलाय. स्टुडिओत हलायचं नाही, म्हणून छताला दोरा बांधून चेंडू लटकवायचे आणि खाली हा हात पसरून उभा. मागे पडद्यावर रंगवलेली झाडं. मला फार हसू आलं. दिवसभर तो चेंडू डोळ्यासमोर. माझं तिकीट तसंच आहे. लटकवलेलं.

२३ ऑगस्ट

काल गणपती बसले. हॉलमध्ये गणपतीच्या वरच शैलेंद्रने त्या मिशाळांचा मोठा फोटो फ्रेम करून लावलाय. मी सांगत होते काढ. संध्या मोदक द्यायला आली. इथल्या मराठी मंडळातली पोरगी, इथेच शिकली, इथेच नोकरीला लागली. गणपतीला नमस्कार केला, मान वर केली, फोटो बघितला आणि त्यालाही हात जोडले. कुंकवाचं बोटसुद्धा काचेला लावलं, मधल्या टोपीवाल्याला. मग हळूच मला विचारते, "आजी, तुमच्याकडची मंडळी संस्थानात होती का?"

मी म्हटलं, हो, चेंडूखात्यात.

अस्मिता, आमची सूनबाई, हसत हसत स्वयंपाकघरात पळाली. शैलेंद्र काच पुसायला लागला, म्हणाला, ओल्या फडक्याने नाही पुसायचं. नात शिवांगी म्हणाली, "आजी, युवर मॅन लुक्स ग्रँड विथ द टिळा." तिला मराठी सगळं कळतं, बोलायचं इंग्रजीत. युवर मॅन म्हणजे इथे कुणीही बाप्या, आणि ग्रँड म्हणजे काहीही. भात ग्रँड, पाऊस ग्रँड.

१७ सप्टेंबर, सर्वपित्री

ह्यांना कुंकवाची गोष्ट सांगितली होती. आज फोनवर म्हणाले, "त्या चेंडूवाल्यांनाही एक पान वाढ. पितर झालेत ते आता." मी वाढलं नाही. खीर कमी होती.

१८ ऑक्टोबर, रविवार

ह्यांना नवीन भूत लागलं. ह्यांचे साखर कारखान्यातले जोडीदार गेले करोनाने, आणि चौकातल्या फलकावर त्यांचा आधार कार्डावरचा फोटो लावला. "चोरासारखा दिसत होता गं! चाळीस वर्षं इमानाने काम केलं, शेवटी चोर." म्हणून ह्यांचं म्हणणं, माझा फोटो आत्ताच करून ठेवा. आणि म्हातारपणीचा नको. साखर कारखान्याच्या कबड्डी संघातला. तो ग्रुप फोटो ट्रंकेत आहे, त्यातून माझं तोंड आणि छाती वेगळी काढा. आणि रंगीत करा.

म्हटलं, मरायच्या आधी हौस बघा. कपडे निवडताहेत.

"तुला काय करायचंय, हार तर मलाच घालणार," म्हणाले. शैलेंद्र मात्र खूश. पहिल्यांदा बापाने त्याच्या खुळातलं काहीतरी मागितलं. लताने मोबाईलवरून फोटोचा फोटो पाठवला.

८ नोव्हेंबर, रविवार

आज युद्ध झालं. शैलेंद्रने विचारलं, "बाबा, बनियन कुठल्या रंगाची?"

हे म्हणाले निळी. मी म्हणाले लाल.

"निळी. गडद निळी. माझ्या अंगात होती."

"तुमच्या अंगात होती, धुतली मी. माझं पांढरं पातळ गुलाबी करून ठेवलं होतं तिने."

"ते धुळवडीला झालं असेल."

"बायको बादलीत काय घालते ते कधी बघितलंत तुम्ही?"

शैलेंद्रला विचारलं, तू एवढा शिकलास, फोटो बघून सांग. तर म्हणाला, फोटोतला काळा-पांढरा फसवतो. त्या मिशाळांच्या काळात काचेवर फोटो काढायचे, त्यात लाल काळं दिसायचं आणि निळं पांढरं. पण बाबांचा फोटो नंतरचा, फिल्मवरचा, तिथे तो नियम चालत नाही. "दोन साक्षीदार, दोन रंग. पुराव्याशिवाय मी रंग भरत नाही, आई. कुणाच्याच फोटोत भरत नाही."

मग तुझ्या शिक्षणाचं लोणचं घाल, म्हटलं. तिकडून हे म्हणाले, "बरोब्बर." तेवढ्यावर मात्र आमचं एकमत.

२२ नोव्हेंबर, रविवार

हे दोन रविवार माझ्याशी बोलत नाहीत. शैलेंद्रशी बोलतात, मला ऐकू जाईल असं. "तुझ्या आईला सांग, बनियन निळी."

मी लताला सांगितलं, त्यांना सांग, भाजीत मीठ कमी खा.

२३ डिसेंबर

अठ्ठावीसचं तिकीट होतं. बॅग भरली होती. ह्यांच्यासाठी लोकरी मोजे घेतले, लांब, त्या बेसबॉलवाल्यांसारखे. चिडवायला. लंडनमार्गे जायचं होतं, तिथे नवा करोना निघाला म्हणून भारताने तिथली विमानं बंद केली.

बॅग उघडली नाही. तशीच पलंगाखाली सरकवली.

१० जानेवारी २०२१

घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, सरकारचा नियम. कराड त्याच्या थोडं पुढे आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार

आठ महिन्यांचं संशोधन संपलं. निकाल असा: डेक्लनचा पूर्वज खेळाडू होता असं म्हणता येत नाही.

शैलेंद्रने त्याच अमेरिकन स्टुडिओतले आणखी तीन फोटो शोधून काढले. तीन वेगळी माणसं, सदरा एकच. कोपरावरचं ठिगळसुद्धा तेच. म्हणजे फोटोवाल्याने एक सदरा खुंटीला ठेवलेला, कुणीही घालावा, हातात दांडकं घ्यावं आणि घरी फोटो पाठवावा की बघा, पोरगं नाव काढतंय. आमच्याकडे जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसवून काढतात तसंच.

मी म्हटलं, म्हाताऱ्याला सांगू नको. पण सत्य म्हणजे सत्य. भिंतीपाशी उभं राहून ठिगळासकट सगळं सांगितलं. डेक्लनने फोटो परत घेतला. मग काहीतरी बोलला आणि घरात गेला. मी शिवांगीला विचारलं, काय म्हणाला? तिने चक्क मराठीत सांगितलं, बहुतेक बापाला ऐकू जावं म्हणून. "तो म्हणाला, असू दे त्याच्या अंगावर. मेलेल्याचा सदरा कशाला काढायचा."

शैलेंद्र रात्री जेवला नाही नीट. म्हणाला, चुकलं का माझं? मी म्हटलं, निकाल बरोबर, तोंड चुकलं.

२८ मार्च, होळी

हे पुन्हा बोलायला लागलेत माझ्याशी. पहिलं वाक्य, "निळी." मी म्हटलं, लाल. बरं वाटलं असणार दोघांनाही. खोकत होते. होळीचा धूर म्हणाले. होळी पेटायला तिथे चार तास होते अजून.

१८ एप्रिल, रविवार

ताप आहे. लता म्हणते साधा. ह्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा. तरी म्हणाले, "फोटो झाला का रे?" शैलेंद्र म्हणाला, "रंगावर अडलंय, बाबा." हे म्हणाले, "तुझ्या आईवर अडलंय."

मी फोन घेऊन सांगितलं, डॉक्टरकडे जा. लाल-निळं मी आल्यावर बघू. समोरासमोर.

"ये तर खरी," म्हणाले.

२१ एप्रिल

दवाखान्यात ठेवलंय. लताला आत सोडत नाहीत. शैलेंद्रला म्हटलं, उद्याचं तिकीट काढ, पैसे माझ्या बांगडीचे. "आई, गेलीस तरी तुला आत सोडणार नाहीत." मी म्हटलं, दारात बसेन. तो उठून गेला.

२५ एप्रिल, रविवार

आज फोन नाही. "तिकडे रेंज नाही," शैलेंद्र म्हणाला. कराडला रेंज नाही. बरं.

२७ एप्रिल

अस्मिताने माझ्या चहात साखर घातली. माझीही साखर वाढते म्हणून वर्षभर डबा लपवून ठेवणारी बाई. मी प्यायले.

शैलेंद्रने सुट्टी घेतलीय. मिशाळांचं पान कालपासून उघडलेलं नाही. दुपारी तो दार लावून गाडीत बसला होता, फोनवर. मी हॉलमध्ये शेंगा सोलत होते. प्रिंटर आपणहून चालू झाला आणि कागद बाहेर आला. पालथा. मी उलटून पाहिला.

हे. पंचविशीतले. संघातून एकटे काढलेले, शेजारच्याचा खांद्यावरचा हात पुसून टाकलेला. केस नीट, मिशी नीट. तोंडावर रंग असा की आता बोलतील. बनियन गडद निळी.

पुराव्याशिवाय रंग भरत नाही म्हणाला होता. डेक्लनच्या तोंडावर ठिगळ मोजून दाखवणारा मुलगा माझा. मला विचारलं नाही, भांडला नाही, बापाने सांगितला तसा रंग भरून मोकळा झाला.

कागद होता तसा पालथा ठेवला. शेंगा सोलून संपवल्या.

२८ एप्रिल, बुधवार

बनियन निळी होती. कुणीही विचारलं तर मी हेच सांगणार.

चहा झाला की मी विचारणार आहे, कधी गेले. शिवांगीला वर पाठवायचं. अस्मिताने मध्ये बोलायचं नाही. उत्तर शैलेंद्रने द्यायचं, आणि माझ्याकडे बघून.